घराला लागणारे टायर

एकतीस वर्षं मी लालबागला टायर विकले. पहिली सहा वर्षं बिलं लिहायला होते, मग शेठना हृदयाचा त्रास सुरू झाला आणि दुकान आपोआप माझ्याकडे आलं. तरीही परवा रिटायर होईपर्यंत दिवसातून एकदा तरी कोणीतरी काउंटरपाशी येऊन माझ्या डोक्यावरून आत बघायचं आणि विचारायचं, "शेठ कुठे आहेत?" मी म्हणायची, "बोला, मीच आहे." मग ते गिऱ्हाईक इसाकभाईंकडे बघायचं. इसाकभाई आमचे फिटर, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. ते जॅकवरून हात न काढता सांगायचे, "मॅडम से पूछो. मैं तो सिर्फ बोल्ट खोलता हूँ."

टायरबद्दल लोकांना फार काही माहीत नसतं, आणि जे माहीत असतं ते न माहीत असलेलं बरं. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. ती त्याची जन्मतारीख. नक्षी कितीही ताजी दिसली तरी पाच-सहा वर्षांनी रबर आतून मरतं, म्हणून ते बघायचं. हे मी एका गृहस्थांना प्रेमाने समजावून सांगितलं, तर ते दुसऱ्या दिवशी ज्योतिषी घेऊन आले. ज्योतिषाने आकड्यांची बेरीज सात येणारे टायर मागितले. आम्ही अख्खं गोदाम धुंडाळलं. सातचे तीनच निघाले. चौथा टायर सोळाचा, आणि एक अधिक सहा सात, असं इसाकभाईंनी सुचवलं तेव्हा ज्योतिषीबुवा इतके खूश झाले की त्यांनी इसाकभाईंचा हात फुकट बघितला.

असल्या गिऱ्हाइकांवर मी हसायची. पण एकदा एका बँजो पार्टीच्या टेम्पोला मालकाने हट्ट धरला म्हणून मी रिमोल्ड टायर दिले, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेले. त्यांचं सामान त्या टायरांना झेपणार नाही हे मला कळत होतं. म्हटलं, गिऱ्हाईक सांगतंय, आपलं काय जातं. पनवेलच्या पुढे मागचा टायर फुटला. जीव कोणाचा गेला नाही, पण ड्रायव्हरचा हात कोपरातून वाकडा झाला तो झालाच. नंतर तो माणूस दुकानासमोरून जायचा आणि मला त्याच हाताने नमस्कार करायचा. तेव्हापासून मी एक नियम केला. ओझं किती ते कळल्याशिवाय टायर द्यायचा नाही. या नियमामुळेच घाडीगावकरांशी माझी गाठ पडली आणि एका घराचं वजन करायची पाळी आली.

घाडीगावकर नायगावच्या चाळीत राहायचे. कुठल्याशा ऑफिसात नकाशे काढायचं काम करून निवृत्त झालेले, सहासष्ट वर्षांचे, खिशाला कायम दोन पेन्सिली. एका सकाळी ते एक जुना डबल केबिनचा पिकअप ट्रक घेऊन दुकानासमोर उभे राहिले आणि मोबाइलवर मला व्हिडिओ दाखवायला लागले. कुठल्यातरी परदेशी डोंगरात एक गाडी दगडांवरून चढत होती.

"ताई, हे टायर पाहिजेत. हेच. असे दात असलेले."

"कशाला भाऊ? दादर टीटीला दगड चढायचेत?"

"दगड नाही हो. ओढायचंय. मागे कॅम्पर आहे."

कॅम्पर म्हणजे चाकावरची खोली, ट्रकच्या मागे हुकाला अडकवून न्यायची. सिनेमात पाहिली होती. लालबागमध्ये पहिल्यांदाच ऐकत होते.

"कॅम्परमध्ये काय काय आहे?" मी विचारलं.

"घर आहे."

"घरसामान?"

"नाही. घर," घाडीगावकर म्हणाले. "चाळ पाडणार आहेत ना आमची. टॉवर होईल तेव्हा होईल. तोवर दुसरीकडे राहा म्हणतात. मिसेस म्हणाली, मी माझ्या खोलीतून हलणार नाही. म्हणून मी खोलीच हलवतोय. गावी नेणार. कणकवलीच्या अलीकडे आमचं गाव."

मी त्यांच्या ट्रकचे टायर बघितले. चारही गोटा, म्हणजे नक्षी इतकी झिजलेली की बोट फिरवलं तर पाटीवर फिरवल्यासारखं वाटावं. वर आधीच्या मालकाने शोभेसाठी बारीक गाडीचे टायर घातलेले. मी म्हटलं, "वजन किती आहे तुमच्या घराचं?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. छत्तीस वर्षं इमारतींचे नकाशे काढले, म्हणाले, लांबी-रुंदी सगळी सांगतो, पण असं कोणी कधी विचारलं नव्हतं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी आणि इसाकभाई नायगावला गेलो. दोन इमारतींच्या मधल्या जागेत पांढऱ्या रंगाचा तो कॅम्पर उभा होता. वडाळ्याच्या एका टेम्पोची बॉडी बांधणाऱ्याने घाडीगावकरांच्या नकाशाबरहुकूम बांधलेला. कागदपत्रं कशी झाली, तो वेगळा लेख होईल. दाराला पायरी, पायरीवर चपला. दारावर खोलीचा नंबर आणि नावाची पाटी. मी आत डोकावले आणि जागच्या जागी थांबले. ती चाळीतली खोली होती. थोडी लहान केलेली, पण खोलीच. डाव्या हाताला कडाप्प्याचा ओटा, खाली विटांचे पाय. कोपऱ्यात शहाबादी लादीची मोरी, कठड्यासकट. वर माळा. लोखंडी कपाट, लोखंडी खाट, भांड्यांची मांडणी, देवाचं फडताळ. मोरीत काठोकाठ भरलेलं पिंप.

"बसा," नलिनीबाई म्हणाल्या. "पंखो लावतंय." पंख्याची वायर खिडकीतून बाहेर, पहिल्या मजल्यापर्यंत गेली होती.

नलिनीबाई घाडीगावकरांच्या पत्नी. बारीक अंगाच्या नव्हेत. त्या महिनाभर आधीच या कॅम्परमध्ये राहायला आल्या होत्या, सवय व्हावी म्हणून. त्यामुळे अशी वेळ आली होती की पेपरवाला पेपर कॅम्परमध्ये टाकायचा आणि तो वाचायला घाडीगावकर वरच्या खोलीतून खाली यायचे. शेजारणी विरजण मागायला कॅम्परवर यायच्या आणि दार वाजवायच्या. चाळीत दार कधी कोणी वाजवलं नव्हतं, इथे मात्र वाजवायच्या. खालच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने तर मोरीचं पाणी गळतं म्हणून रीतसर तक्रार केली होती. कॅम्परच्या खाली कोणीच राहत नव्हतं, पण सवय असते.

मी चहा पिता पिता ओट्यावर बोटाने टकटक केलं. "हा खरा कडाप्पा?"

"मग? खोटो कसो घालतले?" नलिनीबाई म्हणाल्या.

इसाकभाई खाली वाकून कॅम्परची चाकं बघून आले आणि मला हळूच म्हणाले, "मॅडम, इसका टायर रो रहा है."

मी घाडीगावकरांना समजावून सांगितलं, ते इथेही सांगते. मागे ओझं जोडलं की त्याचा काही भाग हुकातून ट्रकच्या शेपटीवर बसतो, म्हणजे मागच्या दोन टायरांवर. सपाट रस्त्यावर आपण त्या ओझ्याला ओढतो. उतारावर ते आपल्याला ढकलतं. टायरची बाजूची भिंत मऊ असली की ती लचकते, ट्रकचं शेपूट डुलायला लागतं, आणि एकदा ते डुलायला लागलं की मागचं ओझं गाडी चालवतं, ड्रायव्हर नाही. म्हणून दात किती मोठे ते बघायचं नसतं. भिंत किती कडक आहे आणि एक टायर किती किलो उचलतो, ते बघायचं. तोही आकडा बाजूवर लिहिलेला असतो. आणि गाडी किती ओढू शकते, ते गाडीच्या पुस्तकात असतं. त्यापुढे कुठलाही टायर काही करू शकत नाही.

"तुमच्या पुस्तकात दीड टन आहे," मी म्हटलं. "आधी काट्यावर जाऊया."

रविवारी सकाळी आम्ही वडाळ्याला वजनकाट्यावर गेलो. जुने टायर मी रस्त्यावर येऊच दिले नाहीत, इसाकभाईंनी आमच्या दुकानाच्या गाडीचे चार चढवले आणि ट्रक बैलाच्या चालीने आणला. ट्रक सोडवून एकटा कॅम्पर काट्यावर उभा केला. काट्यावरच्या शेडमध्ये एक शांत गृहस्थ काचेमागे बसले होते. त्यांनी कॅम्पर बघितला, संगणक बघितला.

"माल क्या लिखूँ?"

"घर," घाडीगावकर म्हणाले.

"घर का क्या?"

"घर का घर."

"देखो साहब, इसमें पाँच ही नाम हैं. रेती, खडी, नमक, भंगार, अन्य." आणि त्यांनी कॅम्परच्या गंजलेल्या हुकाकडे बघून बटण दाबलं.

पावती बाहेर आली. दोन हजार चारशे दहा किलो. माल: भंगार.

पावती नलिनीबाईंच्या हातात गेली, कारण त्या कॅम्परच्या खिडकीतच उभ्या होत्या. उतरायला तयार नव्हत्या. त्यांनी ती वाचली.

"भंगार कोणाक बोलतंस रे?" त्या खिडकीतून ओरडल्या. "बेचाळीस वर्सां संसार केलंय ह्या भंगारात! तुझ्या घरचा आधी भंगार लिव!"

काटेवाल्यांना शब्द कळले नाहीत, पण अर्थ पोचला. त्यांनी हात जोडून पुन्हा बटण दाबलं. माल: अन्य. मग म्हणाले, "लेकिन माताजी को उतारना पडेगा. अंदर आदमी हो तो वजन गलत आता है."

"मी उतरूचंय नाय."

कारण मला कळलं, बाईमाणसाला कळतंच. शेडवर हातभर उंचीचे लाल आकडे पेटलेले होते, आणि मागे मिठाच्या ट्रकांची रांग लागली होती. त्या उतरल्या की आकडा तेवढ्याने खाली येणार, आणि वजाबाकी करायला सगळे मोकळेच होते. शेवटी मी काटेवाल्यांना पाठ करून बसायला लावलं आणि ड्रायव्हर लोकांना चहाच्या टपरीकडे बघायला सांगितलं. नलिनीबाई पायरी पायरीने उतरल्या. आकडा सरकला. दोन हजार तीनशे चाळीस. एका ड्रायव्हरच्या तोंडून "सत्तर" असं निघालंच. त्याच्याकडे त्यांनी असं बघितलं की नंतर सामान उतरवताना सगळ्यात जास्त काम त्याने केलं.

आठशे चाळीस किलो जास्त होतं. घाडीगावकर म्हणाले, "ताई, जरा कडक टायर टाका ना. एवढं तेवढं चालतं."

"नाही चालत."

"अहो, गिऱ्हाईक मी आहे."

"म्हणूनच. दुसरं दुकान बघा भाऊ. मी देणार नाही."

ते रागावले. खिशातली पेन्सिल काढून पुन्हा खिशात ठेवली. मला वाटलं, आता ट्रक सुरू करून जातील. लालबाग ते दादर दहा दुकानं होती, कोणीही हसत हसत टायर दिले असते. पण नलिनीबाई मध्ये आल्या. त्यांनी मला विचारलं, "उतारार काय होतला? खरां सांग."

मी त्यांना बँजो पार्टीच्या ड्रायव्हरच्या हाताबद्दल सांगितलं. टायर कोणी दिले तेही सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पदर खोचला आणि म्हणाल्या, "पैलां पाणी."

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पिंपात दोनशे किलो पाणी होतं. मी म्हटलं, पिंप रिकामं न्या, वाटेत भरा. चाळीत राहिलेल्या माणसाला रिकामं पिंप म्हणजे काय वाटतं ते मला माहीत आहे, मीही चाळीतलीच. त्यांनी ते ओतून दिलं नाही. तांब्या तांब्याने काढून रस्त्याकडेच्या झाडांना घातलं, एकेका झाडाला सारखं. रांगेतले ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे थांबले आणि त्यांच्यातला एक बाटल्या भरून घेऊन गेला.

मग ओटा. सहा जणांनी कडाप्पा उतरवला, विटा काढल्या. मग मोरी. लादी निघताना असा आवाज आला की घाडीगावकरांनी तोंड फिरवलं. मग लोखंडी कपाट आणि खाट. रांगेतल्या ड्रायव्हर लोकांनी आता मतं द्यायला सुरुवात केली होती. "मांडणी रहने दो, हलकी है." "वो पंखा निकालो." "अरे गर्मी में पंखा निकालेगा?" दर वस्तूनंतर काटेवाले स्वतःहून आकडा ओरडून सांगत होते. पावती देणंही त्यांनी सोडून दिलं होतं. दुपारी बाराला आकडा एक हजार पाचशे चाळीसवर अडकला. चाळीस किलो उरले.

आत आता देव, मांडणी, गाद्या, शेगडी, डबे आणि पाटा-वरवंटा होता. सगळ्यांचे डोळे पाट्यावर गेले. नलिनीबाईंनी पाट्यावर हात ठेवला.

तेव्हा घाडीगावकर आत गेले आणि माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक ओढायला लागले. एकट्याने निघेना, म्हणून इसाकभाई मदतीला गेले. खाली ठेवल्यावर आकडा एक हजार चारशे नव्वदवर आला. नलिनीबाईंनी विचारलं, "ह्यात काय?"

"नकाशे," ते म्हणाले. "चाळीचे. प्रत्येक खोलीचे काढले होते मी. कोणाचा पलंग कुठे, कोणाचा देव कुठे. रविवारी रविवारी बसून."

"माका कधी दाखवलात नाय ते?"

"तू म्हणाली असतीस, कागद कशाला जमवताय."

"म्हटलाच असतंय," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसले, आणि मग रस्त्यात उभ्या राहूनच त्या ट्रंकेतला एकेक कागद बघायला लागल्या. मिठाचे ट्रक तोवर थांबून राहिले. ती ट्रंक आम्ही दुकानाच्या माळ्यावर ठेवली. ओटा, मोरी, कपाट चाळीतल्या लोकांनी आपापसात वाटून घेतलं, ज्यांची घरं तीन महिन्यांत जाणार होती त्यांनीच.

मग मी टायर निवडले. ट्रकचे चार आणि कॅम्परचे दोन. ट्रकला मालवाहू जातीचे, कडक भिंतीचे, एकेक टायर हजाराहून जास्त किलो उचलणारा. नक्षी साधी, सरळ रेघांची, डांबरी रस्त्यासाठी. चारही एकाच कंपनीचे, एकाच महिन्यात जन्मलेले. ते बघून घाडीगावकरांचं तोंड उतरलं.

"हे तर भाजीच्या टेम्पोचे वाटतात."

"भाजीचा टेम्पो रोज पोचतो ना?"

हवा किती भरायची ते मी रंगाने चाकाच्या वर लिहून दिलं. सकाळी निघण्याआधी, टायर थंड असताना मोजायची. गाडी चालली की आतली हवा तापून फुगते आणि आकडा फसवतो. नलिनीबाईंनी प्रत्येक टायरची जन्मतारीख माझ्याकडून वाचून घेतली आणि सहाही टायरांना कुंकू लावलं. रबरावर कुंकू टिकत नाही, हे मी सांगितलं नाही.

जून संपायच्या आत ते निघाले. घाटातून घाडीगावकरांचा फोन आला. मी घाबरतच घेतला. ते गाडी कडेला उभी करून बोलत होते. वळणावर समोर म्हैस आली, करकचून ब्रेक दाबला. "ताई, मागून एक धक्का आला फक्त. शेपूट हललं नाही. सरळ उभी राहिली हो गाडी." मागून नलिनीबाईंचा आवाज, "तिका सांगा, वरवंटो पण घरंगळाक नाय." मी काउंटरवर बसून रडले. समोर एक गिऱ्हाईक शेठ कुठे आहेत म्हणून विचारत होतं, ते घाबरून इसाकभाईंकडे गेलं.

गावात पुढे बराच गोंधळ झाला. ग्रामपंचायतीला कळेना की या खोलीला घर म्हणायचं की वाहन. घर म्हणावं तर चाकं, वाहन म्हणावं तर तुळस. शेवटी कोणीतरी तिला गोठा म्हणून लिहिलं. नलिनीबाई ग्रामसेवकाकडे गेल्या. नंतर ते "अन्य" झालं.

दहा हजार किलोमीटर झाले की टायर पुढचे मागे आणि मागचे पुढे करायचे असतात, झीज सारखी व्हावी म्हणून. त्यासाठी घाडीगावकर बरोब्बर आले, रिकामा ट्रक घेऊन. चाळ तेव्हा पडून गेली होती. इसाकभाई चाकं उतरवत होते आणि ते स्टुलावर बसून मला सांगत होते.

"पाडली त्या दिवशी शेजाऱ्याने व्हिडिओ पाठवला. आम्ही दोघं आमच्या खोलीतच बसलो होतो. देवासमोर. मोबाइल मांडणीला टेकवला आणि बघितलं. आधी वरचा मजला गेला. मग आमचा. आमची खिडकी ओळखू आली, ताई. निळी. खोलीत बसून आम्ही आमची खोली पडताना बघितली."

"नलिनीबाई काय म्हणाल्या?"

"शेवटपर्यंत बघितलं. धूळ बसली तरी बघत होती. मग एकदम माझा हात धरला आणि म्हणाली, 'अहो, निघताना गॅस बंद केलेलात मां?'"

"मग?"

घाडीगावकरांनी उठून इसाकभाईंच्या हातातल्या चाकाला हात दिला.

"मी म्हटलं, हो. दोनदा बघितला."